वाचक विचारतात : चाकातून आवाज येतोय, पण नक्की कुठून?

पाऊस ओसरायला लागला की आवाजांची पत्रं वाढतात, हा दरवर्षीचा अनुभव. यंदा त्यातली बरीचशी चाकांबद्दल आहेत, म्हणून हा अंक चाकांनाच दिला. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात आवाज शोधण्याची जी रीत सांगितली आहे ती पुढच्या पत्रांनाही लागते. नव्या वाचकांसाठी सांगतो : मी आधी एसटीच्या डेपोत फिटर होतो, आता लांज्याला हायवेलगत माझं गॅरेज आहे.

प्रश्न : काका, मी गुहागरला राहते आणि माझी शाळा दापोली तालुक्यात आहे. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून जाते. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, टायर १५५/८० आर १३. जुलैपासून पुढच्या डाव्या चाकाकडून पत्र्यावर पत्रा घासावा तसा ‘श्यूं… श्यूं… श्यूं’ आवाज येतो. गाडी हळू असताना आणि गडग्याजवळून (दगडी कुंपणाजवळून) जाताना स्पष्ट ऐकू येतो, ५०च्या पुढे कळत नाही. ब्रेक दाबल्यावर फरक पडत नाही, पण उजवीकडे वळताना वाढतो. एका गॅरेजमध्ये डावं बेअरिंग बदललं. आवाज तसाच. आता उजवं बेअरिंग बदलू, नाहीतर ड्राइव्ह शाफ्ट बघू, असं म्हणतात. काय करावं? — एक शिक्षिका

उत्तर : बाई, उजव्या बेअरिंगला आणि शाफ्टला सध्या हात लावू देऊ नका. तुमच्या पत्रातच बराचसा उलगडा आहे.

त्याआधी एक काम आजच्या आज करा. बेअरिंग बदलताना चाक निघालेलं आहे, तेव्हा चारही नट व्हील पान्याने तपासा. चाक काढून बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात आणि हे बहुतेक जण विसरतात. डेपोत आम्ही गाडी सुटण्याआधी नटांवर हातोडी टेकवत जायचो. घट्ट नट खणकन वाजतो, सैल नट बद्द वाजतो. सैल नटाचा आवाज तुम्ही लिहिलाय तसा घासण्याचा नसतो, हळू वेगात खट-खट असा असतो. पण त्या आवाजाची वाट बघत बसू नये. तोवर रिमची भोकं लांबट झालेली असतात.

आता तुमच्या मिस्त्रींना बेअरिंग का वाटलं ते सांगतो. त्यांचा संशय चुकीचा नव्हता. गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या चाकावर येतं आणि डावं बेअरिंग गेलेलं असेल तर ते तेव्हाच जास्त ओरडतं. हा नियम खरा आहे आणि मीही वापरतो. पण त्याच वळणावर आणखी एक गोष्ट घडते. वजन आलं की हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, केसभर झुकतं आणि हबसोबत ब्रेकची डिस्कही झुकते. डिस्कच्या मागे, म्हणजे इंजिनच्या बाजूला, पातळ पत्र्याचं एक कव्हर असतं. चिखल-पाणी डिस्कवर उडू नये म्हणून ते दिलेलं असतं. ते फिरत नाही, जागच्या जागी बोल्टवर असतं. डिस्क आणि या पत्र्यात काही मिलिमीटरची फट असते. पत्रा वाकलेला किंवा गंजून फुगलेला असला की वळणावर ती फट मिटते आणि डिस्क पत्र्याला घासते. म्हणजे एकाच वळणावर दोन वेगळे रोग सारखेच वाढतात. नुसत्या वळणावरून निकाल देता येत नाही.

निकाल लागतो तो लयीवरून. बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात. त्यांच्या वाटेवर खड्डा पडला की चाकाच्या एका फेऱ्यात त्या खड्ड्यावरून कितीतरी गोळ्या जातात. त्यामुळे आवाज तुटक येत नाही, सलग घरघर येते. शिवाय ती वेगाबरोबर चढते : १०च्या वेगाला जवळजवळ काहीच नाही आणि ५०-६०ला बोलणं ऐकू येऊ नये इतकी. तुमचं बरोबर उलट आहे. हळू असताना स्पष्ट, जोरात असताना वाऱ्या-टायरच्या आवाजात बुडलेला, आणि ‘श्यूं’च्या मध्ये मोकळी जागा. डिस्क कधीच शंभर टक्के सरळ फिरत नाही आणि आपल्याकडे तिच्या कडेला गंजाची किनारही धरते. तिचा जो भाग किंचित बाहेर आलेला असतो तो दर फेऱ्याला एकदा पत्र्याला लागतो. म्हणून एका फेऱ्याला एक ‘श्यूं’.

हे तुम्हाला शाळेच्या मैदानावर मोजता येईल. तुमच्या टायरचा घेर साधारण १ मीटर ८० सेंटिमीटर. मैदानात १८ मीटरचं अंतर आखा. काचा खाली करून पहिल्या गियरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर न देता, ते अंतर पार करा. शेजारी कुणीतरी आवाज मोजू दे. दहाच्या आसपास आले तर आवाज चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूचा आहे हे पक्कं.

आता शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा. तुमच्या गाडीत पुढची चाकं ओढतात, त्यामुळे शाफ्टही चाकाच्याच गतीने फिरतो आणि मोजणीने तो वेगळा काढता येत नाही. पण त्याच्या बाहेरच्या जॉइंटची खूण निराळी आहे : स्टीअरिंग पूर्ण वळवून थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की कट-कट-कट. त्याचा रबरी बूट फाटलेला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे उडालेले दिसतात. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही.

मिस्त्रींना घेऊन पुढचं करा. गाडी सपाट, टणक जागी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गियर न्यूट्रल. पुढचं डावं चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा. अंगणातल्या मातीवर लावणार असाल तर जॅकखाली जाड फळी हवी, पावसाळ्यात जॅक सरळ आत रुततो. मग चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात वरच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक खरखर बोटांना लागते. कान फसतो, पण ही बोटांना लागणारी खरखर मी फसलेली पाहिलेली नाही. नंतर चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवा असेल तर टाय रॉडचा एंड.

खेळ नाही, स्प्रिंगही शांत, पण फिरवताना ‘श्यूं’ येतोय, अशी स्थिती असेल, आणि मला तीच अपेक्षित आहे, तर चाक उतरवून टॉर्च घ्या. पत्र्याच्या कव्हरच्या डिस्ककडच्या अंगावर कुठेतरी गंज घासून निघालेला एक चकचकीत चंद्रकोरीसारखा पट्टा दिसेल. तीच जागा. पत्रा फक्त वाकलेला असेल तर चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून तो तीन-चार मिलिमीटर मागे रेटायचा, झालं काम. कदाचित बेअरिंग बदलताना तो आणखी दबलाही असेल, कारण बेअरिंग प्रेसवर काढताना-घालताना हबची अख्खी बैठक बाहेर येते आणि हा पत्रा सहज दाबला जातो. पत्रा आणि डिस्कच्या फटीत जांभ्याचा खडा तर अडकलेला नाही ना, तेही बघा. खड्याचा आवाज फार भयंकर असतो, माणूस घाबरून गाडी रस्त्यातच सोडतो. पण तो अचानक सुरू होतो आणि गाडी चार फूट मागे घेतली की पुष्कळदा पडूनही जातो. तुमचा जुलैपासून टिकून आहे, म्हणून मला खड्यापेक्षा गंजावर जास्त संशय आहे. फेरीबोटीत चढता-उतरताना भरतीच्या वेळी चाकं खाऱ्या पाण्यातून जातात, ते पाणी या पत्र्याच्या बोल्टांपाशी साचतं आणि गाडी तशीच शाळेबाहेर उन्हात उभी राहते. पत्रा सडतो तो तिथून.

पत्रा कुजलेला निघाला तर नवा बसवा. तो कापून काढून टाकायला कुणी सांगेल, आवाज त्याच मिनिटाला बंद होईल, पण माझा त्याला ठाम विरोध आहे. कोकणातल्या पावसात आणि चिखलात त्या पत्र्याशिवाय डिस्कची आतली बाजू लवकर खराब होते.

चाक उतरवलंच आहे तर ब्रेक पॅडही बघून घ्या, आणि आतलं पॅड आवर्जून बघा. रिमच्या भोकांतून दिसतं ते बाहेरचं. पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या खाऱ्या हवेत जाम झाल्या की आतलं पॅड एकटंच झिजत राहतं आणि बाहेरचं नव्यासारखं दिसतं. पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचं. पुष्कळ पॅडना एक छोटी लोखंडी जीभ असते. पॅड संपत आलं की ती डिस्कला लागून बारीक किंचाळते, ती सूचनाच असते. ती दुर्लक्षित केली की पुढे मसाला संपतो आणि लोखंडावर लोखंड घासून डिस्कवर चरे पडतात. तो आवाज ब्रेक दाबला की वाढतो. तुमचा वाढत नाही, म्हणून मी पॅडला दुसऱ्या नंबरावर ठेवलं.

आणि फेरीबोटीच्या दिवशी घरी आल्यावर चारही चाकांच्या आतून साध्या पाण्याचा पाइप मारत जा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : दादा, माझी पिकअप आहे. हंगामात देवगडहून वाशीला आंब्याच्या पेट्या नेतो, आता बंदरावरून मासळी आणि बर्फ. मागून ‘चिक चिक चिक’ असा लोखंडी आवाज येतो, पाखरू ओरडल्यासारखा. गाडी हळू चालत असली की जास्त. रिव्हर्समधून पहिला टाकून क्लच सोडला की ‘टक्’ होतं. एकाने सांगितलं, मागचं हाउसिंग उघडून अ‍ॅक्सलची बेअरिंगं बदलावी लागतील. माल भरून गगनबावडा मार्गे जायचं असतं, घाटात भीती वाटते. — एक पिकअपचालक, देवगड

उत्तर : भाऊ, तुमची भीती रास्त आहे आणि हे काम पुढच्या खेपेआधी व्हायला हवं. पण हाउसिंग उघडण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गियरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचे, क्रॉस (फुलीच्या आकाराचे सांधे) बघा. मला नव्वद टक्के तिथेच वाटतं.

वरच्या बाईंना सांगितलेली मोजणी तुम्हीही करा, फक्त वेगळ्या तऱ्हेने. मागच्या टायरवर खडूने रेघ मारा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, सपाट रस्ता. दोघांनी ढकलायचं, एकाने हँडब्रेकला बसायचं, आणि तुम्ही बाजूने चालत कान द्यायचा. इंजिन बंद असल्यामुळे आवाज अगदी मोकळा ऐकू येतो. रेघ एकदा खाली येऊन पुन्हा खाली येईपर्यंत किती ‘चिक’ होतात ते मोजा. अ‍ॅक्सल चाकाबरोबर एकच फेरा घेतो. प्रोपेलर शाफ्ट मात्र तुमच्यासारख्या गाडीत तेवढ्यात साधारण चार फेरे घेतो, कारण हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीने गती तेवढी कमी केलेली असते. एका फेऱ्यात चार किंवा जास्त ‘चिक’ आले तर आवाज अ‍ॅक्सलचा नाही, शाफ्टचा आहे. एवढ्या एका मोजणीत हाउसिंग उघडण्याची मजुरी वाचते.

मग चाकांना पुढे-मागे ठोकळे लावून खाली शिरा. क्रॉसच्या चार टोप्या असतात. त्यांच्या तोंडाशी हळदी-कुंकवातल्या कुंकवासारखी लालसर भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून सुया (बेअरिंगचे सुईसारखे बारीक रोलर) गंजल्या आहेत, हे नक्की. ती गंजाचीच पूड असते. शाफ्ट एका हाताने आणि जोडाचं दुसरं टोक दुसऱ्या हाताने धरून उलट दिशांना पिळा. क्रॉसमध्ये जरा जरी खेळ लागला तरी बदलायचा. तुमचं ‘टक्’ त्याच खेळाचं आहे : रिव्हर्समध्ये सुया एका बाजूला टेकतात, पहिला टाकला की दुसऱ्या बाजूला आपटतात. खेळ नाही, नुसता कोरडा आहे, आणि ग्रीसचं निपल दिलेलं आहे, तर ग्रीस गन लावा आणि चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. तीन टोप्यांतून आलं आणि चौथीतून आलं नाही तर ती चौथी बंद आहे. असा क्रॉस पुढच्या महिन्यात परत ओरडेल, त्यापेक्षा बदललेला बरा.

शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही जोडांवर रंगाने किंवा छिन्नीने खूण करायला सांगा. खुणा जुळवून बसवला नाही तर शाफ्टचा तोल बिघडतो, आणि मग चिकचिक जाऊन थरथर येते. मधलं सेंटर बेअरिंग असेल तर त्याचं रबरही तेव्हाच बघा.

उशीर करू नका म्हणतो त्याचं कारण हे : क्रॉस तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक खाली पडलं तर ते रस्त्यात रुतून गाडी मागून उचलली जाऊ शकते. गगनबावड्याच्या वाटेवरच्या करूळ घाटातल्या वळणावर, मागे माल असताना, हे होता कामा नये.

मासळीच्या पाण्याबद्दलही सांगायलाच हवं. बर्फ वितळून जे खारं पाणी हौद्यातून गळतं ते थेट शाफ्टवर आणि कमानपाट्यांवर पडतं. हौद्याला एका कोपऱ्यात पाइप काढा आणि ते पाणी चाकांच्या मागे सोडा. पाट्यांचे यू-क्लॅम्पही आवळून घ्या. पाट्यांचा आवाज मात्र चाकाच्या फेऱ्याशी जुळत नाही, तो खड्ड्यात येतो, म्हणून तुमच्या चिकचिकीशी त्याची गल्लत करू नका.

प्रश्न : गणपतीला डोंबिवलीहून गावी मालवणला आलो होतो. मुलांच्या हट्टापायी गाडी किनाऱ्यावर नेली, पुढची चाकं लाटेत बुडाली. परत जाताना ६०च्या पुढे घुं… असा आवाज सुरू झाला. डाव्या वळणावर वाढतो, उजव्या वळणावर जवळजवळ थांबतो. टायरमुळे असेल का? — एक चाकरमानी वाचक

उत्तर : टायर हा चांगला प्रश्न आहे, कारण टायर असमान झिजले की तेही असेच घुमतात. पण टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो : काँक्रीटवर एक, डांबरावर दुसरा. बेअरिंगचा रस्ता बदलला तरी तोच राहतो आणि वळणावर बदलतो. तुमच्याकडे डाव्या वळणावर वाढतो, म्हणजे वजन उजवीकडे गेल्यावर. पुढचं उजवं बेअरिंग आधी बघा. शंका राहिली तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून एक फेरी मारा. आवाज टायरबरोबर मागे गेला तर टायर, जागेवर राहिला तर बेअरिंग.

चालून तापलेलं हब खाऱ्या पाण्यात एकदम गार झालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीच्या, ओठातून पाणी आत ओढलं जातं. मिठाचं पाणी ग्रीसमध्ये मिसळलं की गोळ्यांच्या वाटेवर गंजाचे ठिपके पडतात. ते भरून येत नाहीत आणि सीलबंद बेअरिंगमध्ये नवं ग्रीसही भरता येत नाही. बदलणं हाच उपाय आहे. बदलताना दोन गोष्टी पाहा. बेअरिंग प्रेसवरच बसलं पाहिजे, हातोडीने ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग पहिल्या दिवशीच डागाळतं. आणि शाफ्टचा मोठा नट नवा घेऊन कंपनीने दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने आवळला पाहिजे. तोपर्यंत लांबचा प्रवास टाळा.

पुढच्या वर्षी मुलांना किनाऱ्यावर चालत न्या. वाळूत गाडी फिरवू नका, अशी मी सगळ्या वाचकांना हात जोडून विनंती करतो. तिथे पोरं खेळत असतात, रापणीची जाळी पडलेली असतात.

प्रश्न : सकाळी गाडी काढली की पहिल्या दोन-तीन ब्रेकला ‘खर्र’ होतं, नंतर दिवसभर काही नाही. पॅड बदलू का? — एक वाचक, हर्णै

उत्तर : नका बदलू. हर्णैच्या हवेत उघड्या लोखंडी डिस्कवर एका रात्रीत गंजाचा पातळ थर धरतो, दोन-तीन ब्रेकमध्ये पॅड तो पुसून काढतात. दहा-बारा ब्रेकनंतरही खरखर राहिली तर मात्र चाक उतरवून बघा. गाडी पावसात चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ड्रमला लायनर चिकटतात. सपाट जागी लावा, पहिल्या गियरमध्ये ठेवा आणि दोन चाकांना पुढून-मागून चिऱ्याचे तुकडे लावा. गाडी काढताना ते आठवणीने काढा.